तोंडातले खिळे
आज ऑफिसात कुणी नमुन्याला ओला काथ्या आणून ठेवला आणि त्या कुबट वासाने तमिळ मुलखातलं, तिरुभुवनम् रस्त्यावरचं आमचं दुकान आठवलं, जिथे माझे वडील, अप्पा, काथ्याने खुर्च्यांच्या बैठकी भरत. डेन्मार्कचा एक म्हातारा डिझायनर आपल्या खुर्चीसाठी कारागीर शोधत तिथे आला होता. आठवडाभर नमुन्यावर राबून अप्पा पार थकले होते. म्हाताऱ्याने खुर्ची उलटी केली, तर तळच्या कापडाला एकाआड एक खिळा गाळलेला! अप्पांनी मान खाली घातली. काम गेलंच, असं मी धरून चालले. त्याच्यासोबतचा कंपनीचा माणूस बाहेर फोनवर होता. म्हातारा गुपचूप खाली बसला, अप्पा धरत तसेच मूठभर खिळे तोंडात धरून, एकेक जिभेने ओठांवर आणत, त्याने राहिलेले सगळे ठोकले. मग मला इंग्रजीत म्हणाला, "माझी सुरुवात याच कामातली. संध्याकाळी मीही थकायचो." मी ते अप्पांना आमच्या तिकडच्या मराठीत सांगितलं. अप्पा म्हणाले, "विचार त्यांना, मग सोडलं कशाला?" तो दुखरी कंबर चोळत नुसता हसला. आता मीही खुर्च्या संगणकावरच काढते. कंबर तेवढीच दुखते, आणि त्या उलट्या करून बघायला कुणी येत नाही.