कासूचा चिखल आणि नामदेवचे टायर

ऑफिसात असताना माझ्या टेबलावर कागद साठायचे. त्यांची विल्हेवाट वाळवी लावायची. निवृत्तीनंतर पेणच्या आमच्या सायकल ग्रुपमध्ये किस्से साठू लागले. ते वाळवीही खात नाही!

भातकापणी झाली की पेण आणि रोह्याचे सायकलवाले मिळून कासूजवळ सायक्लोक्रॉसची शर्यत लावतात. म्हणजे रस्ता सोडून सगळीकडून सायकल हाकायची. कापलेली खाचरं, मग मुरूम, शेवटी खाडीकडचा चिखल. अडलात तर सायकल खांद्यावर. आमचा नामदेव जन्मभर मिठागरात राबलेला. दोन वर्षं तो अर्ध्यातूनच परतला. तेव्हा त्याच्या बायकोने, कमळाबाईंनी जाहीर केलं, "तिसऱ्या खेपेला पुरी नाय केली तर सायकल भंगारात!"

"पुरी करणार गो," नामदेव म्हणाला.

या तिन्ही वर्षांत रामवाडीच्या टपरीवर चहाबरोबर एकच विषय. टायर कुठला लावायचा?

* * *

पहिल्या वर्षी निवड आमच्या ग्रुपमधल्या तांबे गुरुजींची होती. महिनाभर मोबाईलवर व्हिडिओ पाहून त्यांनी स्वतःसाठी आणि नामदेवसाठी खास चिखलाचे टायर मागवले. उंच, विरळ दाते. चिखल अडकत नाही, गळून पडतो! त्या वर्षी चिखलच नव्हता. जमीन सुकून दगड झालेली. नामदेव मुरमावर घसरला आणि घरी गेला. गुरुजींचा आधी खडखडाट ऐकू आला, मग गुरुजी दिसले.

"कसे आहेत टायर?" मी विचारलं.

"टायर उत्तम! तेवढी माझी कवळी धरा!"

* * *

दुसऱ्या वर्षी नामदेवने सूत्रं हाती घेतली. मिठागरात पायांनी चिखल तुडवून जमीन घट्ट करतात, त्यामुळे टाचेला सगळं कळतं, असा त्याचा दावा. शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याने अनवाणी टाच रोवून पाहिली. "घट्ट हाय. बारीक दातेच लावा." आम्ही सगळ्यांनी लावले.

सकाळी पाहतो तर रान पाण्याखाली! आदल्या दिवशी होती पौर्णिमा. उधाणाचं पाणी बांधातून आत आलेलं. साठ वर्षं खाडीकाठी काढलेला माणूस टाच बघून आला, तिथी बघायची विसरला! नामदेव पोटरीइतका रुतला.

"टाच बरोबर होती," तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. "पाणी मागून आलं."

* * *

तिसऱ्या वर्षी मी माझा अनुभव पणाला लावला. एक छापील तक्ता केला. कोरडी जमीन, ओली जमीन, मिश्र जमीन. समोर टायर, हवेचा दाब आणि अर्थातच शेरा. प्रत्येकाला एकेक प्रत दिली. नामदेवची तेवढी परत आली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, "जाऊन बघा."

तो गेला. आठवडाभर रोज गेला. या खेपेला कॅलेंडर घेऊन!

* * *

चिखलात टायरला हवा कमी लागते. म्हणून मी पंक्चरवाल्याकडे गेलो. "थोडी हवा काढ."

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काका, हवा काढायला माणसं रात्री गुपचूप येतात. तुम्ही स्वतःच्याच सायकलची काढताय?"

* * *

शर्यतीच्या दिवशी नामदेवच्या सायकलला उंच दात्यांचे टायर होते. खाचरं पार झाली, मुरूम पार झाला. मग चिखल आला आणि त्यात मिसळलेला पेंढा. दोन्हींचा असा लगदा झाला की गुरुजींचं चाकच फिरेना. ते काडीने टायर कोरत बसले. माझी हवा कमी होती, आणि त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

मागून नामदेव आला. चिखलाच्या कडेला उतरला, बूट काढले, टाच रोवून पाहिली आणि सायकल खांद्यावर घेतली.

"अरे, तुझे टायर चिखलाचेच आहेत ना?" मी रुतल्या जागेवरून ओरडलो.

"व्हय. पन हा चिखल टायरचा नाय!"

आणि आखूड पावलं टाकत, मिठागरात चालतात तसा, तो आमच्या शेजारून निघून गेला. दोनदा गुडघ्यावर आला, दोनदा उठला. सायकल खाली टेकवली नाही.

पलीकडच्या बांधावर कमळाबाई उभ्या होत्या. नामदेवने शेवटची रेघ ओलांडली, सायकल त्यांच्यासमोर उतरवली आणि धापा टाकत म्हणाला, "पुरी केली."

कमळाबाईंनी कमरेपर्यंत माखलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. मग टायरवरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ.

"ऱ्हाऊ द्या सायकल घरात," त्या म्हणाल्या. "पन काय वो, पुढच्या वर्षी जरा हलकी घ्या!"