सकाळच्या पाळीची ग्लेनिस

ग्लेनिस आमच्याकडे गणपतीला दर वर्षी यायची आणि दर वर्षी आरतीच्या आधी निघून जायची. सकाळी साडेसातला, घरात कोणी धड तोंडही धुतलेलं नसताना, बेल वाजायची. दारात उंच, रुंद खांद्यांची, पांढऱ्या बॉबकटची बाई, हातात स्वतःचा एप्रन. आल्या आल्या हात धुऊन ती मोदक वळायला बसायची. तिच्या मोदकाला कळ्या पडत नसत, सुरकुत्या पडत. पण एकही मोदक वाफवताना फुटत नसे. दुपारी ओटा लख्ख पुसून ती एप्रनची घडी घालायची.

"अगं, खरी मजा तर आता आहे. आरती आहे, जेवण आहे, थांब ना," मी म्हणायचे.

"ती संध्याकाळ. मी सकाळच्या पाळीची," एवढं बोलून बाई जिना उतरायची.

आधी मला वाटलं, हिला हिंगाचा वास सोसत नसेल. आमच्या ह्यांचं म्हणणं, इथे जर्मनीत नेमकी वेळ सांगितल्याशिवाय माणूस थांबत नाही. म्हणून एका वर्षी मी लेखी कळवलं, 'संध्याकाळी सहा वाजता जेवायला ये.' उत्तरादाखल अंगठा आला, आणि सकाळी साडेसातला ग्लेनिस आली.

ती मूळची ऑस्ट्रेलियाची. निम्म्याहून जास्त आयुष्य लुडविग्सहाफेनमध्ये काढूनही तिचं जर्मन ऐकलं की बेकरीतली पोरगी इंग्रजीत उत्तर द्यायची आणि ग्लेनिसचा दिवस खराब व्हायचा. माझ्याशी ती इंग्रजीतच बोलायची, पण मला मात्र ती आठवते ती एखाद्या खमक्या मावशीच्या मराठीत. तेव्हा इथेही ती तशीच बोलेल.

आमची ओळख पाण्यात झाली. माझ्या लेकीला, ओवीला, सहाव्या वर्षी पोहण्याचा पहिला बिल्ला मिळाला. कापडाचा, समुद्रघोड्याचं चित्र असलेला. तो पोहण्याच्या कपड्यावर शिवून घ्यायचा असतो. मी तो शिवत असताना कार्टीने बिल्डिंगभर सांगितलं की माझ्या आईला पोहता येत नाही. पुण्यात एखाद्या बाईला दुचाकी चालवता येत नाही म्हटल्यावर लोक जसे बघतात, तसे शेजारी माझ्याकडे बघायला लागले. शेवटी मी तलावावरच्या प्रौढांच्या वर्गात नाव घातलं. पहिल्या दिवशी मी टोपी, गॉगल, नाकाला चिमटा आणि कानात बोळे अशी सिद्ध होऊन गेले.

शिकवायला उभी असलेली ग्लेनिस मला खालीवर न्याहाळून म्हणाली, "पोहायला आलीस की चंद्रावर निघालीस?"

नंतर कितीतरी महिने मी कठडा सोडला नाही. "तोंड पाण्यात," ती सांगायची. "आणि श्वास?" मी विचारायचे. "तो बाहेर आल्यावर. तेवढ्या वेळात काही बिघडत नाही." मी हातपाय झाडत, अर्धा तलाव पिऊन दोन-चार हात पुढे गेले की ती मान डोलवायची. "वाईट पोहलीस. पण पुढे गेलीस." हे तिचं सगळ्यात मोठं कौतुक. मी ते ऑफिसात माझ्या टीमवरही वापरून पाहिलं, कोणाला फारसं आवडलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या. वय चौऱ्याहत्तर, गाव साताऱ्याकडचं. घरात बसून कंटाळतील म्हणून मी त्यांना उघड्यावरच्या तलावावर घेऊन गेले आणि सावलीच्या बाकावर बसवलं. त्या बराच वेळ ग्लेनिसच्या देखरेखीखालची माझी कसरत बघत होत्या. घरी येताना म्हणाल्या, "इतके दिवस हिने तुला एवढंच शिकवलं? आमच्याकडे पाठीला भोपळा बांधायचे आणि विहिरीत ढकलून द्यायचे. चौथ्या दिवशी भोपळा काढायचे."

"आई, तुम्हाला पोहता येतं?"

"तू विचारलंस कधी?"

मग त्यांच्यासाठी पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा पोशाख आणला. दुसऱ्या आठवड्यात त्या शिडीने खाली उतरल्या, पाण्याला नमस्कार केला आणि सरळ निघाल्या. मान ताठ, हात पाण्याखाली, चेहऱ्यावर मंडईत निघाल्याचा भाव. पलीकडच्या टोकाला हात लावून परत आल्या. मी कमरेइतक्या पाण्यात फळी धरून उभी होते. त्या दिवशी माझी जी काही लाज गेली ती अजून परत आलेली नाही.

ग्लेनिस मात्र खूश झाली. दोघींची अशी गट्टी जमली की विचारू नका. ही इंग्रजीत बोलायची, त्या मराठीत, आणि मी भाषांतर करायला तोंड उघडलं की दोघी मला गप्प करायच्या. एका दुपारी बाकावर बसून थालीपीठ खाताना मात्र आईंनी मला हाक मारली. "विचार गं ग्लेनिसबाईला, ही कुठल्या विहिरीत शिकली?"

तेव्हा कुठे ग्लेनिसची कारकीर्द आम्हाला कळली. वर्गात तिने कधी चकार शब्द काढला नव्हता. वडिलांची समुद्राकाठच्या एका छोट्या गावात बेकरी. खडकात खोदलेला तलाव, भरतीला त्यात समुद्राचं पाणी यायचं. वडील पहाटे चारला पाव पोचवायला निघायचे, ते हिला वाटेत तलावावर सोडायचे. असं करत करत पोरगी अठराव्या वर्षी देशाच्या संघात गेली. फ्रीस्टाइल, चौघींच्या रिलेमध्ये.

"आता रिलेची गंमत ऐक," ग्लेनिस म्हणाली. "सकाळी प्राथमिक फेरी असते आणि संध्याकाळी अंतिम. संघातल्या नामांकित पोरींना सकाळी दमवायचं नाही. मग सकाळी कोण पोहणार? माझ्यासारख्या. आम्ही संघ अंतिम फेरीत न्यायचा आणि कपडे बदलून वर प्रेक्षकांत जाऊन बसायचं. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पोहले, सकाळी. संध्याकाळी माझ्या जागी दुसरी उतरली. रुपेरी पदक आलं. त्या काळी सकाळच्या पोरींना पदक देत नसत. मी वरून टाळ्या वाजवल्या."

पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. "माझी सगळी कारकीर्द दुपारी बाराच्या आत संपली," असं म्हणून ती हसली. नवराही तिथेच भेटला. बेर्न्ड, जर्मन वॉटरपोलो संघातला राखीव गडी. "दोघंही वर बसून होतो. लग्न ठरवण्याशिवाय दुसरं कामच नव्हतं."

"वाईट वाटलं असेल," आई म्हणाल्या. हे मी भाषांतर केलं.

"वाटलं की. अजून वाटतं," ग्लेनिस म्हणाली. "मला पदकाचं काही नाही गं. एकदा संध्याकाळी पोहायचं होतं. एकदाच. आता खांदाही कुरकुरतो, बेर्न्डही राहिला नाही. उन्हाळा संपला की ऑस्ट्रेलियाला बहिणीकडे परत चाललेय."

ती जाणार हे मला तेव्हा पहिल्यांदाच कळत होतं. आईंनी तिच्या हातावर आणखी एक थालीपीठ ठेवलं.

आणि नेमका त्याच सुमारास तलावावरच्या पोहण्याच्या क्लबचा उन्हाळी उत्सव आला. त्यात ज्येष्ठ बायकांची रिले असते. नियम असा की चौघींच्या वयाची बेरीज दोनशे चाळीसच्या वर पाहिजे. क्लबचे प्रमुख फोग्टसाहेब, जर्मनमध्ये हेर फोग्ट, तलावावर वय हुंगत फिरत होते. बावन्न वर्षांची त्यांची बायको हेल्गा आणि तिची जुळी बहीण उटे तयार होत्या, ग्लेनिस सहासष्टची, आणि आईंची चौऱ्याहत्तर म्हणजे तर घबाडच. फ्रीस्टाइलमध्ये कुठल्याही पद्धतीने पोहलेलं चालतं, त्यामुळे आईंच्या विहिरीतल्या पोहण्यालाही हरकत नव्हती. मला वयाअभावी बाद केलं. तरुण असल्याचा इतका आनंद मला कैक वर्षांत झाला नव्हता.

संघ सहा आणि पाण्यात पट्टे पाच. दुसरीकडे कोणी म्हणालं असतं, चला, घ्या सांभाळून. पण जर्मनीत असं सांभाळून घेत नाहीत. एका संघाला गाळण्यासाठी सकाळी रीतसर प्राथमिक फेरी ठेवली, आणि अंतिम फेरी संध्याकाळी सहाला. वेळापत्रक ग्लेनिसने दोनदा वाचलं. मग म्हणाली, "मेधा, संध्याकाळी सहाला." एवढंच. दुसऱ्या दिवसापासून बाई पट्टा बांधलेल्या खांद्याने तास तास सराव करायला लागली.

सकाळच्या फेरीत आमच्या बायका निवांत शेवटून पहिल्या आल्या. आईंनी अर्ध्या वाटेत माझ्याकडे बघून हातही केला. पण दुसऱ्या एका संघातल्या बाईने आधीच्या बाईचा हात भिंतीला लागण्यापूर्वी उडी मारली आणि तो संघ बाद झाला. आम्ही अंतिम फेरीत! मी ग्लेनिसला मिठी मारली तर ती ओलीचिंब बाई लहान मुलीसारखी थरथरत होती.

दुपारी तीनला झाबिने आली. क्लबची सगळ्यात वेगवान बाई, त्रेसष्ट वर्षांची, सुट्टीवरून थेट तलावावर. हेर फोग्टचे डोळे चमकले. "आल्झो," ते म्हणाले, "तर मग, झाबिने उतरली तर आपण तिसरे येऊ." पण कोणाच्या जागी? आईंना काढलं तर बेरीज दोनशे चाळीसच्या खाली जाते. हेल्गाला किंवा उटेला काढलं तर हेर फोग्टना संध्याकाळी घरी जायची सोय राहत नाही. त्यांनी ग्लेनिसकडे पाहिलं.

आणि मी बघते तो काय, कोणी काही म्हणायच्या आत ग्लेनिसने अंगात ट्रॅकसूट चढवलेला. "गेनाऊ," ती म्हणाली, "बरोबर आहे. सकाळचं काम झालं." आणि पिशवी उचलून वरच्या पायऱ्यांवर जाऊन बसलीसुद्धा. मला हेर फोग्टचा राग आला, पण त्याहून जास्त तिचा आला. अगं बाई, एवढा जीव टाकत होतीस ना? मग भांड की! पण तिला त्या पायऱ्यांची इतकी सवय झाली होती की पाय आपोआप तिकडेच वळले.

"काय झालं?" आईंनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी टॉवेल अंगाभोवती गुंडाळला आणि बाकावर बैठक मारली.

"त्या बाप्याला सांग, मी नाही पोहत."

"आई, अहो, असं काय करता?"

"मी जन्मभर सगळ्यांना वाढलं आणि शेवटच्या पंगतीला जेवले. आमटीचा तळ, भाताची खरवड, जे उरेल ते. पण जेवले तरी. ह्या बाईने सकाळपासून रांधलं आणि हिचं पानच उचलता? ती नाही तर मी नाही. माझी चौऱ्याहत्तर वर्षं मी परत घेते म्हणावं."

एवढं सगळं जर्मनमध्ये कसं सांगायचं? आमटीचा तळ मी गाळला, बाकीचं सांगितलं. हेर फोग्टनी फोन काढून पुन्हा बेरीज केली. बेरीज काही बदलली नाही. तेवढ्यात झाबिनेच मोठ्याने हसली. "मला कुठे पोहायचंय? मी तर बिअर प्यायला आले होते." आणि ती खरंच बिअर आणायला गेली.

मी वर जाऊन ग्लेनिससमोर उभी राहिले. "ऊठ. ट्रॅकसूट काढ."

"पण तिसरे येऊ शकलो असतो."

"आता पाचवे येऊ. ऊठ."

संध्याकाळी सहाला पाण्यावर तिरपं ऊन होतं. हेल्गा आणि उटे बऱ्या पोहल्या. तिसऱ्या आई. त्यांनी मिळवलेलं सगळं अंतर शांतपणे परत देऊन टाकलं, पण भिंतीला हात लावला तो अगदी टाळी दिल्यासारखा. तोवर बाकीच्या चारही संघांच्या शेवटच्या बाया परतीच्या वाटेला लागल्या होत्या. ग्लेनिसने उडी मारली.

मी तिला आजवर शिकवताना पाहिलं होतं, सरावात पाहिलं होतं. असं नव्हतं पाहिलं. तिचा हात पाण्यात जाताना आवाजच होत नव्हता. सॉसेज भाजणारे लोक चिमटे हातात धरून काठाशी येऊन उभे राहिले. बाकीच्या पोहून बाहेर आल्या, अंग पुसायला लागल्या, आणि ग्लेनिस एकटी येत होती. एकटी असल्यामुळे सगळा तलाव तिच्यासाठीच टाळ्या वाजवत होता.

पाचपैकी पाचवा नंबर. ती भिंतीला धरून पाण्यातच राहिली. गॉगल काही काढेना.

"रडतेय का गं ती?" आईंनी विचारलं.

"हो."

"रडू दे. भूक लागेल चांगली."

लागलीच. पाण्यातूनच तिने विचारलं, "आज तुमच्याकडे जेवायला काय आहे?" घरी आईंनी टेबलावरच तिच्या ताटाभोवती रांगोळी काढली आणि पहिलं तिला वाढलं. वरणभात, बटाट्याची भाजी, शिरा. ग्लेनिस सगळ्यात शेवटी उठली. जाताना मी म्हटलं, "वाईट पोहलीस."

"पण पुढे गेले," ती म्हणाली.

ऑगस्ट संपता संपता आम्ही तिला फ्रँकफर्टहून ऑस्ट्रेलियाच्या विमानात बसवून दिलं. गणपतीच्या दिवशी साडेसातला बेल वाजली नाही. सुरकुत्यांचे मोदक नव्हते आणि माझे सुबक कळ्यांचे मोदक पटापट फुटत होते. मला रडूच आलं. आई म्हणाल्या, "आज पहिली पंगत मोदक वळणाऱ्यांची. पुरुष वाढतील." आमच्या ह्यांनी पंचा खांद्यावर टाकला.

रात्री आठला आरतीचं तबक हातात घेतलं आणि फोन वाजला. पडद्यावर ग्लेनिस, केस विंचरलेले, मागे मिट्ट काळोख.

"अगं, तुझ्याकडे किती वाजले?"

"पहाटेचे चार."

"मग झोप ना बाई."

"तुमच्याकडे संध्याकाळ आहे ना?" ती म्हणाली. "मग मी थांबणार. करा सुरू."