कोरं वाण

सासूबाई प्लॅस्टिकच्या पिशव्या धुऊन वाळत घालायच्या. बदलापूरच्या आमच्या तळमजल्याच्या घरामागे दोरीवर टॉवेल, पंचा, आणि त्यांच्या शेजारी चिमटे लावलेल्या गुलाबी, पिवळ्या, काळ्या झबला पिशव्या अशी रांग असे. वाळल्या की त्यांच्या घड्या एका मोठ्या पिशवीत जायच्या आणि ती पिशवी स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. घरात आलेली धड वस्तू टाकायची नाही हा सासूबाईंचा नियम, आणि भाजीवाले तर कोथिंबिरीला वेगळी आणि मिरचीला वेगळी पिशवी देऊ लागलेले. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअर्सला होते. माल किती आला, किती गेला, शिल्लक किती, हे बघायची डोळ्यांना सवयच. त्या खिळ्यावर आवक रोजची होती आणि जावक जवळजवळ नव्हती. एका रविवारी खिळाच भिंतीतून निघून आला.

लग्न होऊन मी आले ती अंबरनाथच्या चाळीत, ऐंशीच्या दशकात. तिथे दारामागे एकच कापडी पिशवी होती. ती विसरून बाजारात गेलं तर भाजी पदरातून आणायची, नाहीतर परत यायचं. डाळ-तांदूळ कागदाच्या पुड्यांत, करवंदं पानाच्या द्रोणात. पुड्याचा दोरासुद्धा सासूबाई रिळाला गुंडाळून ठेवत. बाहेर टाकायला फार काही उरतच नसे, आणि यात आपण काही विशेष करतो आहोत असं आम्हाला कधी वाटलं नाही.

प्लॅस्टिकवर सासूबाईंचा राग बसला तो केळींमुळे. घरामागच्या पट्ट्यात त्यांनी तीन केळी लावल्या होत्या आणि बुंध्याशी खड्डा करून सालं, देठं, चहाचा चोथा, निर्माल्य सगळं त्यात. भाजीच्या कचऱ्याबरोबर एखादी पिशवी नकळत जायची. ह्यांनी पावसाळ्यानंतर तो खड्डा उपसला तेव्हा खाली सुरेख काळी माती झालेली, आणि मातीत जागोजागी पिशव्या, काल दिल्यासारख्या. एकीची गाठ अजून पक्की होती. सासूबाईंनी ती सोडून आत बघितलं, तर सालं अजून तशीच चिकट. त्या म्हणाल्या, "ही स्वतः मरत नाही आणि पोटातल्यालाही सुखानं मरू देत नाही."

इथपर्यंत सगळं घरातल्या घरात होतं. ते बाहेर गेलं संक्रांतीत.

आमच्या बिल्डिंगमध्ये सोळा घरं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत रोज कुणाकडे तरी हळदीकुंकू, आणि हळदीकुंकू म्हटलं की वाण आलंच. एके काळी वाणाला फणी, करंडा, कापसाची वस्त्रं, गूळ असं काही असायचं. आता सगळं प्लॅस्टिकचं. गाळणी, डब्या, वाट्या, साबणदाण्या. चाळीतून आणलेल्या धरून आमच्याकडे अकरा साबणदाण्या होत्या आणि न्हाणीघर एक. त्या वर्षी पहिलं हळदीकुंकू होतं पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे. या काकू म्हणजे बिल्डिंगचा शब्द. त्यांनी नाक मुरडलं तर सोसायटीचा रंगसुद्धा बदलायचा. त्यांनी वाण म्हणून सासूबाईंच्या हातात हिरवी साबणदाणी ठेवली. बारावी. सासूबाईंनी ती उलटीपालटी करून बघितली आणि भरल्या घरात शांतपणे सांगितलं की आमच्याकडे यंदा प्लॅस्टिक मिळणार नाही.

"अगंबाई," काकू म्हणाल्या, "मग काय चांदी वाटणार का?"

बायका हसल्या. मीही ओठ चावून हसले. सासूबाई नाही हसल्या. आम्ही चाळीतून आलेले, बिल्डिंगमध्ये सगळ्यात नवे, आणि हे या घरातलं आमचं पहिलं हळदीकुंकू. त्यांनी दिलेला शब्द आता पाळला गेला नाही, किंवा पाळून हसं झालं, तर त्यांना पुढची कित्येक वर्षं या जिन्यावर मान खाली घालून चालावं लागलं असतं. घरी येताना त्या मला एवढंच म्हणाल्या, "बोलले खरी. आता तू बघ काय ते."

मी बघितलं ते उल्हासनगरकडे. कॅम्प पाचमध्ये जीनच्या पँटी शिवणारे कारखाने गल्लोगल्ली होते, आणि कापून उरलेल्या तुकड्यांचे, त्याला तिथे कतरण म्हणतात, दाराबाहेर डोंगर. शनिवारी अर्धा दिवस होता, तशीच रिक्षा करून गेले. एका सिंधी कारखानदाराला विचारलं की याचं पुढे काय करता. तो म्हणाला, "कुछ नहीं मॅडम, जला देते हैं. आपको चाहिए तो बोरी भर के ले जाओ, अपना सरदर्द कम." त्याची आई तिथेच स्टुलावर बसून दोरे निवडत होती. सुवासिनींना द्यायच्या थैल्या करायच्या आहेत, हे कळल्यावर ती उठली आणि ढिगातून मोठे मोठे तुकडे स्वतः ओढून काढू लागली. मला न्यायला आलेल्या ह्यांनी ते पोतं स्कूटरवर पायांशी घेतलं आणि मी मागे बसले. बदलापूरला पोचेपर्यंत ह्यांच्या फिकट पँटला गुडघ्यापासून खाली निळी झाक आली होती. ती आम्ही धुळीवर ढकलली.

पुढचा आठवडा सासूबाईंचं शिलाई मशीन थांबलं नाही. मी मापं काढली. आमच्या घराची दोन दिवसांची भाजी तोलून बघितली, पालेभाजीची जुडी उभी किती आणि आडवी किती ते पट्टीनं मोजलं, आणि त्यावरून पिशवीची उंची ठरवली. दोन पट्टे आतून दुहेरी शिलाईचे. पहिली पिशवी तयार झाल्यावर तिच्यात वरवंटा घालून ह्यांना गच्चीपर्यंत पाठवलं. ते खाली आल्यावर म्हणाले की पिशवी उत्तम आहे, खांद्याचं मात्र काही सांगता येत नाही. सुया तुटल्या, पण शिवण एकही उसवली नाही.

बोटं निळी होत होती, ते आम्हा दोघींना दिसत होतं. मी म्हटलं, पिशव्या एकदा पाण्यातून काढू या. सासूबाईंनी शिवण थांबवून माझ्याकडे बघितलं.

"धुतलेलं वाण कुणी देतं का? वाण कोरं द्यायचं असतं."

त्यांचं खरं होतं. धुतलेलं कापड म्हणजे वापरलेलं, असा समज. कोऱ्याची कडक घडी, तो खळीचा वास, त्यातच वाणाचा मान. मी कोरड्या फडक्यानं पिशव्या पुसल्या. फडकं थोडंसंच निळं झालं, आणि मी घड्या घालायला घेतल्या.

हळदीकुंकवाच्या दिवशी बायका रीतीप्रमाणे काळ्या साड्या नेसून आल्या. हळदकुंकू लावलं, हाताला अत्तर चोळलं, गुलाबपाणी शिंपडलं. पिशव्यांत तिळगूळ, हलव्याची पुडी, आणि नुकतीच धुतलेली बोरं, गाजरं, हरभऱ्याचे घाटे. पहिली पिशवी काकूंना. त्यांनी ती हातात घेऊन ओढून बघितली, उलटी केली, शिवण तपासली. तोंडातून काही निघेना, म्हणजे खोड सापडली नव्हती. सासूबाईंचा चेहरा इतका खुलला की मला वाटलं, झालं, जिंकलो.

मग काकूंनी गुलाबपाण्यानं ओलसर झालेला हात नाकाला लावला.

नाकाचा शेंडा निळा. त्यांच्या शेजारणीनं तो पुसायला पदर पुढे केला तर तिचा तळवा निळा. तिनं घाबरून तोंडावर हात नेला. दोन-तीन मिनिटांत खोलीतली एकही बाई मूळ रंगाची राहिली नव्हती. हलव्याचे पांढरेशुभ्र दाणे आकाशी झाले, गाजरं जांभळी. साड्या काळ्या होत्या म्हणून तेवढ्या वाचल्या. कुणीतरी फस्सकन हसलं, आणि मग घर डोक्यावर. काकूंनी आपले दोन्ही तळवे सगळ्यांना दाखवले आणि म्हणाल्या, "वाण दिलंत की शिक्का मारलात हो?"

हसण्यात राग नव्हता, हे मला दिसत होतं. सासूबाईंना दिसलं नाही. त्या स्वयंपाकघरात जाऊन ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बायका गेल्यावर मला म्हणाल्या की आता या पिशव्या पायपुसणी होणार, आणि आपला शब्दही त्यांच्याबरोबर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना सुचवलं की सगळ्यांकडून पिशव्या गोळा करू, धुऊन परत देऊ. त्या म्हणाल्या, दिलेलं वाण परत घेत नाहीत. हेही खरं होतं. वाण घरी मागून आणणं म्हणजे त्या घरचं सौभाग्य मागून आणल्यासारखं. कोरं दिलं ते रीतीनं, आणि दुरुस्त करता येत नव्हतं तेही रीतीनंच. दुपारी त्या उठल्या, मोठं घमेलं घेतलं, केळींजवळच्या नळाखाली ठेवलं, त्यात ओंजळभर मीठ टाकलं आणि पदर खोचून जिन्याकडे तोंड करून हाक मारली. वाण परत घेता येत नाही, पण जिनं तिनं आपलं वाण घेऊन आमच्या दारी यायला कुठलीच रीत आड येत नव्हती.

सगळ्यात आधी काकू उतरल्या. त्यांचं नाक अजून पुरतं गोरं झालेलं नव्हतं. मागोमाग एकेक करून सगळ्या. मिठानं रंग पक्का होतो अशी सासूबाईंची खात्री होती. माझ्या मते सुटायचा तो रंग सुटून गेला, एवढंच. पण पाणी मात्र निळंशार झालं, आणि एका बाईनं ते गटारात ओतायला घमेलं कलतं केलं तेव्हा मी तिचा हात धरला. कॅम्प पाचला जाताना रिक्षा ज्या नाल्यावरून जायची, त्याला त्या त्या दिवशी निराळा रंग असायचा, कधी तांबडा, कधी असाच निळा. त्यात आपण प्रत्येकीच्या नावची एकेक बादली घालणार का, असं मी विचारलं. म्हणून मग एकाच पाण्यात एकीनंतर एकीची पिशवी, फार गढूळ झालं तेव्हाच नवं पाणी. काकूंनी सुचवलं की हेच पाणी साहेबांच्या पांढऱ्या सदऱ्यांना नीळ म्हणून द्यावं, ऑफिसात ओळखू तरी येतील. सोळा बादल्यांचं काम दोन बादल्यांत झालं. त्या दोन शेवटी गटारातच गेल्या, खोटं कशाला सांगू. केळींना ते खारट पाणी घालणं शक्य नव्हतं.

त्या संध्याकाळी आमच्या दोरीवर, तारेवर, केळींच्या बुंध्यांना बांधलेल्या सुतळीवर निळ्या पिशव्याच पिशव्या होत्या. झबला पिशवी एकही नव्हती. पिशव्या वाळेपर्यंत थांबायचं म्हणून पाट टाकून बायका बसल्या आणि उरलेली गाजरं तिथेच संपली.

तरी सासूबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. धुणं वेगळं आणि वापरणं वेगळं, असं त्या म्हणत. मी कामावरून आले की पहिला प्रश्न, बाजारात कुणाच्या हाती दिसली का. चार-पाच दिवस मला खरंच कुणी दिसलं नाही.

मग एका संध्याकाळी स्टेशनजवळच्या बाजारात दिसली. वांगणीकडच्या पाड्यावरून भाजी घेऊन येणाऱ्या एक मावशी तिथे बसत. पूर्वी करवंदं त्या पानात बांधून द्यायच्या, आता गिऱ्हाईक मागतं म्हणून त्याही पातळ पिशव्यांचा जुडगा मांडीखाली ठेवायच्या. त्यांच्यासमोर काकू उभ्या होत्या. मावशींनी मेथीची जुडी पिशवीत घालायला घेतली तशी काकूंनी खांद्यावरची निळी पिशवी उघडून पुढे धरली.

"ती ठेवा तुमच्याकडे. हे आमचं वाण आहे."

मावशींनी मेथी आत ठेवली, पिशवी नीट निरखली आणि म्हणाल्या, "सकाळपासून तिसरी ही. तुमच्या बिल्डिंगीनं एकच तागा फाडलाय का काय वो?"

मी बटाट्याच्या पोत्यांमागे उभी होते. काही न घेताच घरी आले. सासूबाई पोळ्या लाटत होत्या. मी सांगितलं, तशी त्यांनी गॅस बारीक केला आणि पुन्हा सांगायला लावलं. तिसरी, हे नक्की का. काकूंची किती भरली होती. मी म्हटलं, मेथी, टोमॅटो, आणि वरून दुधी बाहेर डोकावत होता. त्यांनी तोंड वळवून पोळी उलटली.

"मग पट्टे जरा लांब हवे होते," त्या म्हणाल्या, आणि जेवताना ह्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं, जणू बाजारात त्याच उभ्या होत्या.

पुढच्या संक्रांतीला काकूंचं वाण होतं जुन्या सुती साडीची, घड्या घालून शिवलेली हातपुसणी. सासूबाईंच्या हातात ते ठेवताना काकूंनी भरल्या घरात मोठ्यानं सांगितलं, "धुऊन दिलंय हो. नाकाची काळजी नको."

बायका हसल्या. या वेळी सासूबाई सगळ्यांच्या आधी.