दोन जाजमं

कुणी अंगावर धावून भांडायला आला की नाखवा डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे, शेजारची जागा हातानं झाडायचे आणि म्हणायचे, "बस. बसून बोल." समोरचा बसला की अर्धं भांडण तिथंच विझायचं. बसल्याबसल्या शिवी देता येते, पण तिला जोर चढत नाही. खोटं वाटत असेल तर करून पाहा.

आमचा गाव रत्नागिरीहून फार लांब नाही, खाडीच्या आतल्या अंगाला. नाखव्यांचा एक मचवा होता, शिडाची मोठी होडी. गावातले नारळ, आंब्याच्या करंड्या त्यातून बंदरावर जायच्या आणि येताना कौलं, मीठ, घासलेट यायचं. ते कोकणी मुसलमान. खरं नाव होतं, पण ते कुणी वापरत नसे. घरातली पोरंसुद्धा त्यांना नाखवाच म्हणायची.

शिमग्यात गावदेवीची पालखी खाडीपलीकडच्या खारव्यांच्या वाडीत जाते. ती न्यायचा मान नाखव्यांचा. आदल्या दिवशी ते मचवा घासून धुवायचे, काठांना आंब्याचे टाळे बांधायचे. भरतीला पालखी मचव्यात चढली की स्वतः अनवाणी सुकाणूवर बसायचे. पालखीला हात लावायचे नाहीत, पण ढोल वाजवणारा जास्त हलला तर दरडावायचे, "ए, देवीला लाटेनं हलू दे, तू नको हलवूस." पलीकडे उतरल्यावर त्यांच्या हातात मानाचा नारळ पडायचा. त्या नारळाचं सांदण त्यांच्या घरून आमच्याकडे यायचं. त्यांच्या वडिलांच्या आधीपासूनची ही रीत.

मग बांधाचा प्रश्न आला. खाडीच्या तोंडाशी बांध घातला तर उधाणाचं खारं पाणी शेतात शिरणार नाही, भात पिकेल. पण मग मचवे आणि होड्याही आत येणार नाहीत. सरकारी साहेब आला, मोजणी करून गेला आणि जाताना म्हणाला, गावानंच ठरवा, बहुमत असेल तरच बांध.

मी बांधाच्या बाजूचा. नुसता बाजूचा नव्हे, पुढारी. तिशीतला होतो, पंचायतीत नवाच निवडून आलो होतो. दर वर्षी आमच्या वाडीतल्या शेतांवर मिठाचा पांढरा थर बघत मी मोठा झालो होतो. पाच-सहा महिने गाव दोनच गोष्टी बोलत होता, बांध पाहिजे आणि बांध नको. न्हाव्यापुढे बसलेला माणूससुद्धा आधी न्हावी कुठल्या बाजूचा ते विचारून मग गाल पुढे करी.

देवळासमोरच्या सहाणेवर, पालखी टेकवतात त्या चौथऱ्यावर, गाव बसला तेव्हा मी उभा राहून म्हणालो, "नाखवा, तुमच्या एका मचव्यासाठी आख्ख्या वाडीनं नाचणी खायची काय?"

"नाचणीला काय जालं रं? तुजी येवढी छाती नाचणीनंच झाली," ते म्हणाले. आमच्याच बाजूची माणसं हसली. मग त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "मचवा माजा एक हाय, खरं. पण ह्या खारव्यांच्या होड्या बग. आत मासा येतो तो पाण्यातनं येतो, बांधावरनं चालत नाय येत."

मत कसं घ्यायचं यावर पुन्हा वाद. चिठ्ठ्या टाकायच्या तर निम्म्या गावाला वाचता येत नव्हतं. हात वर करायचे तर काहीजण दोन्ही वेळा करतील. शेवटी नाखवेच म्हणाले, "दोन जाजमं पसरा. बांध पाहिजे तो हिकडं बसंल, नको तो तिकडं. उभ्या माणसाचं काय खरं? तो पळायला मोकळा."

प्रत्येक घरातला एकजण येऊन बसू लागला. तुम्हाला वाटेल हिंदू एकीकडे, मुसलमान एकीकडे. तसं नव्हतं. शेती असलेली मुसलमानांची घरं आमच्या जाजमावर आली आणि आमच्यातले खारवी नाखव्यांच्या. गुरव मध्येच घुटमळला. "पुजाऱ्यानं कुठं बसायचं ते सांगा." नाखव्यांनी जागा झाडली. "माज्याकडं बस. जिंकणाऱ्यांना आज देवाची गरज नाय." गुरव बसला.

आमचं जाजम भरून माणसं मातीवर बसली. त्यांच्या जाजमावर जागा उरली. नाखव्यांनी दोन्हीकडे नीट पाहिलं, उठले आणि माझ्याजवळ आले. "झालं. गावानं ठरवलं. आता चांगला घट्ट बांध घाला. फुटका घातलात तर तू पण बुडशील नि मी पण."

असा हरलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. जिंकलेली माणसं मात्र आम्ही होतो तशीच होतो. कोण कुठल्या जाजमावर बसलं होतं हे सगळ्यांना दिसलं होतं, आणि दिसलेलं विसरता येत नाही. विहिरीवर बायकांनी रहाट वाटून घेतले. ठरलेलं एक लग्न लांबलं.

शिमगा आला तेव्हा बांधाचा दगड अजून पडायचा होता. पालखी नेहमीसारखी मचव्यातून जायला काही अडचण नव्हती. मी म्हणालो, "यंदा डोंगराकडून, जमिनीवरून नेऊ. बांध होणारच आहे, चालायची सवय लावू." वाडीतल्या म्हाताऱ्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, पण माझं वजन होतं तेव्हा. कुणी आडवं आलं नाही.

सवयीचं कारण खोटं होतं. ते हरलेत हे त्यांना दिसावं, एवढंच मला हवं होतं. हे मी आजवर घरातसुद्धा बोललो नाही.

त्या दिवशी नाखवे धुतलेला मचवा काठाला लावून, टाळे बांधून, सुकाणूजवळ अनवाणी उभे होते. ढोल त्यांच्याकडे पाठ करून चढणीला लागला. मी पालखीपुढे होतो. वळणावरून खाली पाहिलं तर ते तसेच उभे. ओहोटी लागून मचवा चिखलात बसेपर्यंत ते उभे होते, असं नंतर कळलं. मग त्यांनी स्वतःच टाळे सोडले आणि शेळीपुढे टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या अंगणात आले. ओटीच्या कडेला बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली, जागा झाडली. "बस. बसून बोल."

मी दारातच उभा राहिलो. "नाखवा, कामात आहे."

त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि गेले. त्यांचा तो उपाय फसलेला गावात मी एकट्यानंच पाहिला.

बांध झाला. पहिल्या दोन पावसाळ्यांनी जमिनीतलं मीठ धुतलं आणि तिसऱ्या वर्षी भात असा आला की लोक शेताच्या कडेला नुसतेच जाऊन उभे राहत. आमच्या वाडीतली पोरं नाचणीची पेज सोडून भात खाऊ लागली. मी बांधाच्या बाजूनं बसलो याचं मला कधीही वाईट वाटलं नाही. उद्या पुन्हा दोन जाजमं पसरली तर मी त्याच जाजमावर जाऊन बसेन. मचवा जयगडच्या एकानं विकत घेतला, खारव्यांची काही घरं बंदराकडे गेली. तेही खरं, आणि तेही आमच्याच मतानं झालं.

नाखव्यांचा मुलगा मुंबईला गोदीत होता. ते कायमचे त्याच्याकडे निघाले असं ऐकलं, तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. ते दोरखंड गुंडाळत होते. मी जाऊन ओट्यावर बसलो.

"नाखवा, पालखी मी फिरवली. दुसऱ्या कुणी नाही."

"ठाव हाय. तुज्या वाडीत दुसऱ्या कुणाचा येवढा आवाज निघतो?"

"मग मला बोलला का नाहीत?"

"आलो होतो की."

त्यांनी दोरखंडाचा आणखी एक वेढा घातला. मग ते म्हणाले, "बांधाचं दुख्ख जालं. नाय कशाला म्हणू? पण ते गावाला इचारून झालं. पालखीचं कुणाला इचारलंस? त्येला जाजम कुठं पसरलंस?"

"चुकलं," मी म्हणालो.

"चुकलंच," ते म्हणाले. जाऊ दे असं म्हणाले नाहीत, आणि मलाही ते ऐकायचं नव्हतं. दोरखंडाला गाठ मारून त्यांनी विचारलं, "नवा भात कसा हाय?"

"चांगला आहे."

"थोडा दे बांधून. मुंबईत नातवंडांना रांधून घालीन. म्हणीन, ह्यो आपल्या खाडीचा भात. खारट लागतो काय बगू."

मी पिशवी भरून दिली आणि रत्नागिरीच्या बंदरावर त्यांना पोचवायला गेलो. ते पुन्हा गावी आले नाहीत, तिकडेच वारले.

मुंबईची बोट तेव्हा धक्क्याला लागत नसे. पडावातून, लहान होडीतून, बोटीपर्यंत जावं लागे. नाखवे पडावात चढले तसा पडाव हाकणाऱ्या तांडेलानं सवयीनं आधाराला हात पुढे केला. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं, हसले आणि धरला. आयुष्यात पहिल्यांदाच ते उतारू म्हणून बसले होते. पडाव सुटला. बाहेरची पहिली लाट लागताच आतल्या सगळ्या माणसांनी घाबरून कड पकडली. नाखव्यांनी पकडली नाही. लाटेबरोबर ते अलगद वर गेले, अलगद खाली आले, आणि त्यांचे दोन्ही हात भाताच्या पिशवीवर होते.