जाळीच्या आतलं कुंकू

खंडेनवमीला यंत्रांना हार पडले की मला ती केस हमखास आठवते. तेव्हा माझी नेमणूक कुपवाड पोलीस ठाण्यात होती. दसरा होऊन आठवडा झाला नसेल, एका वर्कशॉपमध्ये पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसखाली कामगाराचा उजवा पंजा गेला. हात साच्यात जाऊ नये म्हणून प्रेसला लोखंडी जाळी असते. ती काढून ठेवलेली होती. सुपरवायझरनं जबाब दिला, "बसवल्यापासनं जाळी कवाच काढली न्हवती सायब. त्यानंच सकाळी काढली, घाईत." मी पंचनामा उरकला आणि चूक जखमीचीच, असं ठरवूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको ठाण्यात आली. "आवं सायब, हात तर गेलाच. आता चूकबी त्यांच्याच माथी मारणार व्हय?" ती गेली आणि तासाभरात निनावी फोन आला, "जाळीचं नीट बघा."

म्हणून कारखान्यांची सुरक्षा तपासणाऱ्या तज्ज्ञ मॅडमना बोलावलं. अंगानं किरकोळ, पायात जाडजूड बूट. मी ऐटीत साचा दाखवायला हात पुढे केला, तर कडाडल्या, "साहेब, हात मागे!" शेडचा मेन स्विच बंद करून त्यांनी त्याला स्वतःचं कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. मला दरडावलं, तेही माझ्या हवालदारांसमोर! राग आला, खोटं कशाला बोलू?

मग त्यांनी जाळी जागेवर धरायला लावली. बाहेरून बोट आत पोचेना. जाळी बाजूला करून विजेरी मारली, तर साच्यामागे, तेलकट धुळीखाली, कुंकवाची पाच बोटं ओढलेली.

"जाळी कधीच काढली नव्हती ना? मग हे कुंकू आत कसं गेलं?" मी सुपरवायझरला दरडावलं. तो कबूल झाला. "पूजेला मशीन उघडं बरं दिसतंय म्हनून मीच काढली, सायब. मग ऑर्डरची घाई लागली. ऱ्हायलीच बसवायची."

आरोपी सापडला, माझं काम संपलं. मॅडमचं संपलं नव्हतं. त्या शेजारच्या प्रेसपाशी वाकल्या, मग पुढच्या. आणखी तीन प्रेसच्या आत कुंकू निघालं; त्यांच्याही जाळ्या पूजेपासून काढलेल्याच होत्या. चारही जाळ्या चढेपर्यंत त्यांनी कुलूप काढलं नाही. उभ्या नोकरीत मी हात तुटल्यावर पोचत आलो; ही बाई शाबूत हातांसाठी वाकून बघत होती. त्या दिवशी मी त्यांना मनापासून सॅल्यूट केला.

पुढच्या खंडेनवमीला मी मुद्दाम तिथं गेलो. तो कामगार आता स्टोअर सांभाळत होता. पूजेला सगळ्यांनी त्यालाच पुढं केलं. डाव्या हातानं कुंकू लावू नये म्हणतात, पण कुणी चकार शब्द काढला नाही. त्यानं एकेका प्रेसला पाच बोटं ओढली. जाळीवर, बाहेरून.