गाऱ्हाण्यात राहिलेलं नाव

डिचोलीच्या बाजारात एक गोष्ट बरीच वर्षं कानात सांगितली जायची, म्हणजे ती सगळ्यांना ठाऊक होती. सुर्ल्याच्या वाटेवर टायरांचा कारखाना काढलेल्या गोकुळदासाने म्हणे, भाषेच्या भांडणापायी आपल्याच ख्रिश्चन कामगाराचं नाव देवाच्या गाऱ्हाण्यातून वगळलं. सांगणारा मराठीवाला असला की गोकुळदास वाघ व्हायचा, कोंकणीवाला असला की साप. मासळीबाजारात तर त्या कामगाराचं वाईट व्हावं म्हणून नारळ उलटा ठेवला होता इथवर मजल गेली होती. बांगडे विकता विकता बाया काय काय विकतील, सांगता येत नाही.

गोकुळदास मूळचा खाणीच्या ट्रकवरचा क्लीनर. खनिज वाहणारे ट्रक टायर असे संपवायचे, जसे जत्रेत पोरं चणे. झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवून तोच पुन्हा पळवायचा, ही अक्कल त्याला बेळगावात एक भट्टी बघून सुचली. त्र्याऐंशी साली त्याने पत्र्याची शेड टाकली, जुना बॉयलर आणला आणि मिळतील तिथून माणसं गोळा केली. बेळगावचा बसाप्पा टायर खरवडायचा, कोल्हापूरचा मधुकर रबर चिकटवायचा, सावंतवाडीकडची वत्सला कडा कापायची, आणि बॉयलर सांभाळायचा मांद्र्याचा दुमिंग. हजेरीपुस्तक नव्हतं. कोण आलं, कोण नाही, हे डोळ्यांनीच दिसायचं.

"माझ्याकडे भाषा चार, पण भांडण एकच. चहात साखर किती!" गोकुळदास तिठ्यावर छाती फुगवून सांगायचा. "एकेका माणसाची नस न् नस ठाऊक आहे मला."

शहाऐंशीच्या डिसेंबरात गोव्यात भाषेवरून रस्ते पेटले होते. मराठी की कोंकणी, हे विचारल्याशिवाय कुणी कुणाला विडी देईना, आणि ख्रिश्चन म्हटला की तो कोंकणीवालाच धरायचे. त्याच दिवसांत कारखान्याला तीन वर्षं झाली. बॉयलरसमोर नारळ ठेवायचा, मालकाने देवाला गाऱ्हाणं घालून एकेकाच्या नावाने भलं मागायचं, असा दर वर्षाचा रिवाज. पहिली दोन वर्षं हे काम गोकुळदासाच्या म्हाताऱ्या मामाने केलं होतं. आता मामा नव्हता.

सकाळी पोस्टमन आला. बॉयलरवाल्याने हात पुसत पत्र घेतलं नि खिशात घातलं.

"दुमिंगाला कुणाचं रे पत्र?" गोकुळदासाने हसत विचारलं.

वत्सला फिसकन हसली. "शेटानु, पुरे आता! दुमिंग तर पयल्याच पंधरवड्यात पळालो. ह्यो तेच्या जाग्यार इलेलो तेचो मेवणो. तुमी मेवण्याच्या नावान चिडवतास म्हणान आमीव तसाच हाक मारतो."

गोकुळदासही हसला. जरा मोठ्यानेच हसला. मग पाणी प्यायला म्हणून शेडमागे गेला आणि तिथे रिकाम्या ड्रमवर बसून राहिला. तीन वर्षं! पण आता विचारायचं कुणाला? वत्सलाला विचारावं तर दुपारपर्यंत सुर्ल्यात बोभाटा. त्यालाच विचारावं तर कुठल्या तोंडाने? "भल्या माणसा, तुझं नाव काय?"

एवढ्यात मधुकरने हाक दिली, "मालक, चला की! नारळ वाट बघतोय."

गोकुळदास हात जोडून उभा राहिला. "बा देवा महाराजा, आज ह्या बॉयलरपुढे तुझी लेकरं उभी आहेत..."

"व्हय महाराजा!" वत्सला. "होय म्हाराजा!" मधुकर. "हौदु महाराजा!" बसाप्पा. बॉयलरवाला डोळे मिटून म्हणाला, "व्हय सायबा."

"ह्या वत्सलाच्या घरादाराला बरकत दे. बसाप्पाच्या हाताला इजा होऊ देऊ नको. मधुकरच्या लेकराबाळांना सुखी ठेव..."

आणि गाऱ्हाण्याची गाडी थांबली. दुमिंग म्हणावं तर देवासमोर खोटं, आणि आशीर्वाद जायचा भलत्याच घरी. 

"...आणि सगळ्यांचं भलं कर," त्याने उरकलं. "व्हय महाराजा" म्हणायला तीनच आवाज आले.

दुसऱ्या दिवशी बॉयलर थंड. बॉयलरवाला मांद्र्याला निघून गेला होता. तो नाही तर वाफ नाही, आणि वाफ नाही तर कारखाना म्हणजे नुसती पत्र्याची शेड. वर आणखी मराठीवाल्यांपैकी दोघे येऊन गोकुळदासाच्या गळ्यात हार घालून गेले. "शाब्बास! असा ताठ कणा हवा!" आणि गोकुळदासाने तो हार घालून घेतला. झेंडूचा होता, मानेला दिवसभर खाजत होता.

रविवारी तो शिवोलीला फेरीबोटीने नदी ओलांडून मांद्र्याला पोहोचला. पण घर कुणाचं विचारायचं? त्याच्याजवळ नाव एकच होतं. दुमिंगाच्या घरी माडाखाली अर्धी चड्डी घातलेला गृहस्थ जाळं शिवत होता.

"पात्रांव, हांव तर केन्नाच पळालों!" जुन्या मालकाला ओळखून तो खो खो हसला आणि शेजारच्या घराकडे तोंड करून ओरडला, "ए इनास! तुजो पात्रांव आयला रे!"

इनास. तीन अक्षरं.

इनास बाहेर आला. बस म्हणाला नाही. "पात्रांव, तुम्ही दुमिंग म्हणून चिडवत होता, ते मी हसून घेतलं. पण देवासमोर? बाजारातल्या मराठीवाल्यांनी सांगितलं म्हणून सोडलं ना माझं नाव?"

खरं सांगायची हीच वेळ होती. गोकुळदासाने जमिनीकडे पाहिलं. खरं सांगण्यापेक्षा भित्रा ठरलेलं परवडलं.

"होय," तो म्हणाला. "घाबरलो."

इनासने अंगणातलं बाकडं पुढे ओढलं. मग घरात वळून म्हणाला, "च्या कर गो." आणि गोकुळदासाला, "भय सगळ्यांकच आसता, पात्रांव. सोमारा येतां."

तो सोमवारी आला, आणि पुढे बावीस वर्षं येत राहिला. दर वर्षी गाऱ्हाण्यात पहिलं नाव इनासचं, तेही रस्त्यावर ऐकू जाईल असं. लोक म्हणत, बघा, पाप फेडतोय. गोकुळदास मान खाली घालायचा, ती कुणी काही विचारू नये म्हणून.

गोकुळदासाने इनासचं नाव वगळलं नव्हतं. त्याला ते नावच माहीत नव्हतं.