झाकणाच्या आतला आकडा

माझी ताई आता रिक्षाने जाते-येते, आणि मुलुंडमध्ये भर दुपारी रिक्षा मिळाली नाही तर जातच नाही. चार महिन्यांपूर्वीपर्यंत तिच्याकडे स्वतःची गाडी होती आणि सोसायटीतल्या तीन म्हाताऱ्या बायकांना डॉक्टरकडे नेण्या-आणण्याचं काम तिने स्वतःहून घेतलेलं होतं. गाडी का विकली याचं तिला माहीत असलेलं कारण वेगळं होतं, खरं कारण वेगळं. खरं कारण मला माहीत होतं. तोंडी सांगताना मी ते धड सांगू शकलो नाही, म्हणून इथे क्रमाने लिहितो.

मी अंधेरीच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं स्टोअर्स सांभाळतो आहे. माल मोजून घ्यायचा, मोजून द्यायचा, नंबर जुळल्याशिवाय सही करायची नाही. गाडी घेतली तेव्हा हीच पद्धत घरी आणली. गाडीचा कोणताही पार्ट मेकॅनिकला आणायला सांगायचा नाही. स्वतः कंपनीच्या काउंटरवर जायचं, पक्कं बिल घ्यायचं, डब्यावरचा नंबर बिलाशी ताडून बघायचा. मग डबा घेऊन गॅरेजला. तिथे सील ब्लेडने अलगद कापायचं, पार्ट काढायचा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने मीटरचा आकडा लिहायचा. काढलेला जुना पार्ट वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणायचा, म्हणजे खरंच बदलला की नाही ही शंका नको.

सुरुवातीला डबेही घरी आणत होतो. माळ्यावर रचून ठेवत होतो. एक दिवस काहीतरी काढताना त्यातले चार-पाच बायकोच्या अंगावर पडले.

"गाडी आहे की वाणसामानाचं दुकान?" ती म्हणाली. "रिकाम्या डब्यांची कसली पूजा करायची आहे? बिल आहे ना तुमच्याकडे?"

बिल होतं. तेव्हापासून डबे गॅरेजमध्येच सोडून यायला लागलो. आकडा वहीत उतरवत होतोच, पण झाकणाच्या आत लिहायची सवय सुटली नाही.

गॅरेज चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, भाड्याच्या गाळ्यात. मेकॅनिक माझ्याच वयाचा, मूळचा देवगडकडचा, वडील गिरणीत होते. हात चांगला. दहाएक वर्षांपूर्वी एकदा त्याने माझ्यासमोर एक वेगळा डबा ठेवला होता.

"साहेब, हे दुसऱ्या कंपनीचं. स्वतःच्या नावानं विकतात, गॅरंटी देतात. माझ्या अर्ध्या गिऱ्हाइकांना हेच लावतो. तक्रार नाही."

गाळ्यात आणखी दोघे उभे होते. मी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "लोकल माल माझ्या गाडीला लागणार नाही. टोपी घालायची असेल तर दुसरं डोकं बघ."

त्याने डबा उचलून आत ठेवला. पुन्हा कधी त्याने तसा पार्ट दाखवला नाही, आणि मला वाटलं, माणूस सरळ झाला.

त्याच्या मागच्या फळीवर रिकामे डबे रचलेले असायचे. मी एकदा विचारलं होतं, हे कशाला? "रद्दीवाला नेतो," म्हणाला. रद्दीत द्यायचे डबे लोक चेपून ठेवतात. हे सगळे उभे होते, झाकणं लावलेली. हे मी पाहिलं होतं. माझी नजर या कामात तयार झालेली आहे, त्यामुळे पाहिलं नाही असं म्हणण्याची मला सोय नाही. पुढे विचारलं नाही, एवढंच.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तीस वर्षं पालिकेच्या रुग्णालयात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होती. भावोजी गेल्यानंतर, चौपन्नाव्या वर्षी, ती गाडी शिकली. गाडी मीच निवडून दिली, माझ्या गाडीचंच मॉडेल, जुनी पण चांगली. दोन्ही गाड्यांना एकच पार्ट लागतात, म्हणजे मला लक्ष ठेवता येईल. आणि बजावलं, मुलुंडमध्ये कुणाला हात लावू द्यायचा नाही, काम निघालं की चारकोप.

"अरे, मुलुंडमध्ये काय मेकॅनिक मेलेत? ब्रेक बदलायला मी घोडबंदर फिरून येऊ?"

"ये. माणूस खात्रीचा आहे."

ती आली. दर वेळी आली. मुलुंडहून चारकोपला गाडी दुरुस्तीला आणणारी ती एकटीच असेल. मेकॅनिकला सांगायची, "माझा भाऊ जे टाकतो तेच टाका." पुढचे ब्रेक पॅड बदलायचे होते तेव्हा मी कारखान्यातल्या वार्षिक मोजणीत अडकलो होतो. काउंटरवर जायला वेळ नव्हता. फोनवर म्हणालो, या वेळी त्यालाच आणायला सांग, फक्त डबा बघून घे.

त्यानंतर साडेतीन-चार हजार किलोमीटरवर अपघात झाला. पवईला, सकाळी. तलावाकाठी फिरायला चालली होती. उताराला सिग्नल लाल झाला, पुढची स्कूटर थांबली, ताईने ब्रेक दाबला आणि गाडी थांबायच्या ऐवजी सरकत गेली. स्कूटरवाला पस्तिशीचा असेल. त्याच्या घोट्याचं हाड मोडलं. ताईने रस्त्यावरच वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी करून ओढणीने त्याचा पाय बांधला, स्वतः त्याला दवाखान्यात घेऊन गेली, नंतर दर आठवड्याला जेवणाचा डबा घेऊन त्याच्या घरी गेली. माणूस चांगला होता, भांडला नाही. फक्त म्हणाला, "मावशी, उताराला पाय आधीपासून ब्रेकवर ठेवायचा."

ते वाक्य तिने धरून ठेवलं.

"माझाच पाय उशिरा पडला रे," ती मला म्हणाली. "मला वाटतंय मी लगेच दाबला. पण वाटण्याला काय अर्थ आहे?"

भाचा म्हणाला, "आई, आता पुरे. गाडी विकू."

आणि मी? मी हिशोब करून दाखवला. ताशी चाळीसचा वेग म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. वय वाढलं की पाय पडायला अर्धा सेकंद जास्त लागतो. अर्धा सेकंद म्हणजे साडेपाच मीटर. स्कूटर तेवढीच पुढे होती. ताई मान हलवत ऐकत होती. माझ्या आकड्यांवर तिचा लहानपणापासून विश्वास.

महिन्याभराने गिऱ्हाईक मिळालं. ते अकरा वाजता कागदपत्रं घेऊन येणार होते, म्हणून दहा वाजता मी आणि ताई खाली डिकी रिकामी करत होतो. छत्री, फिरायचे बूट, दोन कापडी पिशव्या. अपघातानंतर गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये बंपरसाठी गेली होती, तिथे पॅडही बदलले होते. काढलेले जुने पॅड एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत दिलेले. आणि कोपऱ्यात एक रिकामा डबा.

"हा कसला?"

"त्या ब्रेकचा. तुझा मेकॅनिक बाजूला ठेवत होता, मी म्हटलं द्या इकडे. तूच सांगतोस ना, सगळं जपून ठेव."

मी झाकण उघडलं. आत निळ्या बॉलपेनने लिहिलं होतं : ६१,४८०.

अक्षर माझं होतं. चार लिहिताना मी खालची गाठ पूर्ण करत नाही, ती तशीच अर्धी सुटलेली. आकडा माझ्या गाडीचा. ताईची गाडी तेव्हा अडतीस हजारांच्या पुढे गेलेली नव्हती.

ती म्हणाली, "काय झालं?"

"काही नाही. बघतो जरा." डबा आणि पॅडची पिशवी मी माझ्या बॅगेत टाकली आणि आम्ही वर गेलो.

जेवणाच्या टेबलावर कागद मांडले होते. ताई पेन शोधायला लागली. मी खिशातलं दिलं. चार ठिकाणी सही होती. तिसऱ्या सहीला ती थांबली, म्हणाली, "थोडे दिवस पुन्हा शिकवणी लावली असती तर?"

"आई," भाचा म्हणाला.

मी कागदाकडे बघत होतो. खात्री झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असा माझा नियम आहे. त्या दिवशी तो नियम मला फार उपयोगी पडला.

घरी येऊन माझा जपून ठेवलेला जुना पॅड माळ्यावरून काढला आणि ताईचा शेजारी ठेवला. माझा तीस हजार किलोमीटर चालून झिजलेला, पण खरखरीत. मागच्या लोखंडी पट्टीवर नंबर ठोकलेला. ताईचा चार हजारांत काचेसारखा गुळगुळीत झालेला, नंबर नाहीच, आणि एका कडेला घासणारा मसाला लोखंडी पट्टीपासून सुटलेला. नख आत जात होतं.

शनिवारी चारकोपला गेलो. डबा झाकण उघडून त्याच्यासमोर ठेवला. त्याने आकडा वाचला, माझ्याकडे बघितलं आणि हात पुसायला लागला.

"हा डबा माझा आहे."

"तुमचाच."

"ताईला हा माल दिलास? माझ्या डब्यात भरून?"

"साहेब, ओरिजिनल संपलं होतं, आठ दिवसांनी येणार होतं. त्यांना दुसऱ्या दिवशी कुणाला तरी दवाखान्यात न्यायचं होतं. वरनं त्यांचं एकच, भाऊ टाकतो तेच टाका."

"मग सांगायचं. ते दुसऱ्या कंपनीचं लावायचं, तिला सांगून लावायचं. ते तरी खरं असतं."

तो हसला. "तुम्ही सांगता हे? एकदा दाखवलं तर चारचौघांत माझी काढलीत. तुमच्या बहिणीला लोकल लावलं असतं तर तुम्ही मला सोडलं असतं?"

"म्हणून हा कचरा लावायचा?"

"मला काय माहीत कचरा? चालतो तो माल. दहा जणांच्या गाडीला चालला." मग चिडला. चिडला की तो मालवणीत जातो. "प्रत्येकाक ओरिजिनल होया, आणि आजच्या आज होया. मगे मी काय करू? धंदो बंद करू?"

मी डबा उचलला. तो थोडा शांत झाला, आणि जे म्हणाला ते त्याच्या मते कौतुक होतं.

"बाकीचे लोक डबा टराटरा फाडतात, साहेब. तुमचा एक नंबर असतो. सील ब्लेडनं कापलेलं, पुन्हा चिकटवलं की कळत नाही, कोपरासुद्धा चेपलेला नाही. तुमचे डबे बघून कोण संशय घेत नाही."

दहा वर्षांत मी तिथे किती डबे सोडले ते वहीत आहे. एकोणतीस. त्यातला एक परत मिळाला. उरलेले अठ्ठावीस कुणाच्या गाडीसाठी भरले गेले, ते कोणत्याही वहीत नाही.

खात्री करायला मला चार दिवस लागले. ताईला सांगायला साडेतीन महिने. आधी म्हटलं, गाडी तर गेली, आता सांगून काय. मग म्हटलं, अपघात पॅडमुळेच झाला हे शंभर टक्के कोण सांगणार, पाय उशिरा पडलाही असेल. हे दुसरं मी स्वतःशी बरेच दिवस म्हणत होतो. मी इतकी वर्षं ज्याला ओरिजिनल ओरिजिनल म्हणत होतो त्यात डबा, बिल, नंबर सगळं होतं. माझं बोलणंही तसंच निघालं. वरून सगळं बरोबर.

गेल्या महिन्यात भाच्याला मुलगा झाला. मी बघायला गेलो तर सूनबाईची आई बाळाला आंघोळ घालत होती आणि ताई दाराशी टॉवेल घेऊन उभी होती. जिने तीस वर्षं दिवसाला दहा-दहा बाळं न्हाऊ घातली ती.

"तू का नाही घालत?" मी विचारलं.

"नको रे. पाय उशिरा पडतो, तर हात वेळेवर पडेल कशावरून? निसटलं बिसटलं तर?"

ती हे सहज म्हणाली, म्हणून मला ऐकवलं नाही. तिला बाल्कनीत घेऊन गेलो आणि सांगितलं. पॅड, डबा, फळीवरचे डबे, मेकॅनिक. मध्ये मध्ये अडखळलो. तिने एकदाही थांबवलं नाही.

"म्हणजे मी वेळेवर दाबला होता."

"बहुतेक. शंभर टक्के नाही सांगता येणार, पण..."

"पुरे तुझे टक्के." मग तिने विचारलं, "तुला कधी कळलं?"

"डिकी रिकामी केली त्या दिवशी. झाकण उघडलं तेव्हा."

"दहा वाजता."

"हो."

"सह्या अकराला केल्या मी."

मी मान हलवली.

"पेन शोधत होते," ताई म्हणाली. "तू दिलंस."

आतून बाळ रडायला लागलं. तिने हातातल्या टॉवेलची घडी मोडली आणि आत गेली. मी बाल्कनीत थांबलो. आत ती विहिणीला म्हणालेलं मला ऐकू आलं, "द्या इकडे, मी पुसते."

त्यानंतर ताईला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा भाच्याने उचलला.